प्रश्न वाचकांचे : तुकोबा, देकार्त आणि सुरतेतले डोडो

गेल्या अंकात सतराव्या शतकातील विचारवंत, राज्यकर्ते आणि कलावंत यांच्याविषयी एक टिपण या सदरात आले होते. त्यानंतर नागपूर आणि आसपासच्या वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही येथे घेतले आहेत. उत्तरांची लांबी पत्राच्या लांबीवर नव्हे, तर विषयात ऐवज किती आहे त्यावर ठरवली आहे. तेव्हा ज्यांचे उत्तर चार ओळींत आटोपले त्यांनी राग मानू नये.

प्रश्न : माझ्या नातीच्या मोबाइलवर असा मजकूर आला आहे की, शिवाजी महाराज आणि न्यूटन एकमेकांना ओळखत होते. हे दोघे खरोखरच एका काळातले होते काय? (एक आजोबा, धरमपेठ)

उत्तर : एका काळातले होते, ओळखीचे मात्र मुळीच नव्हते. महाराजांचा जन्म १६३० सालचा आणि न्यूटनचा त्यानंतर सुमारे तेरा वर्षांनी झालेला. १६६५ च्या जूनमध्ये महाराजांना मिर्झाराजे जयसिंगाशी पुरंदरचा तह करावा लागला. त्याच उन्हाळ्यात प्लेगमुळे केंब्रिजचे विद्यापीठ बंद पडल्याने न्यूटन आपल्या वूल्सथॉर्प या खेड्यातल्या घरी परतला. १६६६ च्या ऑगस्टमध्ये महाराज आग्र्याहून निसटले, आणि त्याच काळात तो तेविशीतला तरुण खेड्यातल्या घरी प्रकाश, गती आणि चंद्राची कक्षा यांविषयीच्या विचारांत बुडालेला होता. पुढे न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ १६८७ मध्ये छापून निघाला, तेव्हा महाराजांना जाऊन सात वर्षे झाली होती, आणि त्याच वर्षी औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला.

अशा जोड्या लावणे मनाला फार सुखावते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. परंतु त्या जोड्यांमधून कोणताही संबंध सिद्ध होत नाही. इंग्रजांना महाराजांची माहिती होती ती व्यापारामुळे. राजापूरच्या आणि सुरतेच्या वखारींतून ईस्ट इंडिया कंपनीला जाणाऱ्या पत्रांत त्यांचे नाव वारंवार येते, आणि राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन हा कंपनीचा वकील तहाच्या बोलण्यांसाठी रायगडावर हजर होता. नातीला एवढे सांगावे की, त्या काळातले खरे दुवे शोधायचे असतील तर थोरांच्या भेटीगाठींपेक्षा वखारी, वैद्य, दुभाषे आणि कागदाचे गठ्ठे यांच्याकडे पाहावे. पुढील काही उत्तरांत ते आपोआप दिसेल.

प्रश्न : गॅलिलिओ ज्या वर्षी वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, असे आम्ही शाळेत शिकवत आलो. एका विद्यार्थ्याने ते चूक असल्याचे सांगितले. कोण बरोबर? (निवृत्त शिक्षिका, कामठी)

उत्तर : विद्यार्थी बरोबर आहे. गॅलिलिओचे निधन ८ जानेवारी १६४२ रोजी झाले, हा दिनांक इटलीत तेव्हा रूढ झालेल्या ग्रेगोरियन गणनेचा आहे. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा सांगतात, तो इंग्लंडमधील जुन्या ज्युलियन गणनेने. त्या शतकात या दोन गणनांमध्ये दहा दिवसांचा फरक होता, त्यामुळे इटलीच्या हिशेबाने न्यूटन ४ जानेवारी १६४३ रोजी जन्मला. उलट, दोघांनाही इंग्लंडचा हिशेब लावला तर गॅलिलिओ १६४१ च्या डिसेंबरातच वारलेला ठरतो. म्हणजे कोणतीही एकच फूटपट्टी वापरली तरी वर्ष जुळत नाही. दोन वेगळ्या फूटपट्ट्या वापरल्या तरच जुळते.

हाच प्रकार आपल्या घरचाही आहे. महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला असे आपण म्हणतो, तो दिनांकही जुन्या गणनेचाच. आजच्या गणनेने तो १६ जून येतो. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ ही तिथी मात्र दोन्ही हिशेबांत अढळ राहते. तारखेने आणि तिथीने असे दोन सोहळे दरवर्षी होतात आणि त्यांवरून वादही होतात, परंतु ज्या तारखेवरून वाद घालायचा ती तारीख नेमक्या कोणत्या गणनेची, हा प्रश्न त्या वादात सहसा कोणी विचारत नाही.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळात तुकोबांचे दुष्काळाचे अभंग म्हटले जातात. या दुष्काळाचा उल्लेख गाथेबाहेर कोठे सापडतो का? (एक भगिनी, महाल)

उत्तर : सापडतो, आणि तो आपल्या विदर्भाच्या अगदी वेशीवर सापडतो. १६३० ते १६३२ या वर्षांत गुजरात आणि दख्खन होरपळून निघाले. त्या वेळी बादशहा शाहजहान निजामशाहीविरुद्धच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरात, म्हणजे मेळघाटातून धारणीच्या पुढे गेले की तापीकाठी जे गाव लागते तेथे, तळ देऊन होता. त्याच्या दरबारी इतिहासात, अब्दुल हमीद लाहोरीच्या ‘पादशाहनाम्या’त, या दुष्काळाचे अंगावर काटा आणणारे वर्णन आहे, शहरांतून लंगरखाने उघडल्याची आणि बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटल्याचीही नोंद आहे. दरबारी इतिहासकार धन्याचे औदार्य वाढवून सांगणार हे उघड आहे. पण जो माणूस धन्याची कीर्ती गाण्यासाठी नेमलेला आहे, त्यालाही उपासमार लपवता आली नाही, ही गोष्ट अधिक बोलकी आहे.

दुसरा साक्षीदार इंग्रज आहे. पीटर मंडी हा कंपनीचा नोकर १६३० च्या अखेरीस सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला. वाटेत पडलेली प्रेते, ओस गावे आणि गुरांच्या शेणातून धान्याचे दाणे वेचणारी माणसे यांविषयी त्याने रोजनिशीत लिहून ठेवले आहे. तिसरा साक्षीदार देहूचा वाणी. त्याची पहिली पत्नी आणि थोरला मुलगा याच काळात गेले, सावकारी बुडाली, आणि त्याने आपली कथा एका ओळीत सांगितली : ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥’

याच बऱ्हाणपुरात १६३१ च्या जूनमध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहल वारली. तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत सुमारे सहा महिने तिची कबर होती, आणि वर्षअखेरीस तिचा देह आग्र्याला नेण्यात आला. तेव्हा ताजमहालाची कथा आणि ‘अन्न अन्न करितां’ ही ओळ एकाच दोन-तीन वर्षांच्या पोटातून आलेल्या आहेत. दोघांच्याही बायका गेल्या. एकाने संगमरवर मागवला. दुसऱ्याने पुढे बापाच्या वेळची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. या दोन कृतींची तुलना करण्याचा मोह मलाही होतो, परंतु आपल्या मंडळाने अभंग म्हणताना बऱ्हाणपूर डोळ्यांसमोर आणले तरी माझ्या मते पुरे आहे.

प्रश्न : मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी आहे. देकार्त, स्पिनोझा यांचे विचार त्यांच्या हयातीच्या आसपास भारतात पोहोचले होते काय? की आपण इंग्रजी राजवट येईपर्यंत त्यांच्यापासून दूरच होतो? (विद्यार्थी, सीताबर्डी)

उत्तर : या महिन्याचा सर्वोत्तम प्रश्न हा आहे, म्हणून त्याला सर्वाधिक जागा देतो.

स्पिनोझाचे राहू द्या. १६३२ साली जन्मलेला हा भिंगे घासणारा तत्त्वज्ञ ज्यू समाजाने वयाच्या चोविसाव्या वर्षीच बहिष्कृत केला होता, आणि त्याचा मुख्य ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६७७ मध्ये, प्रसिद्ध झाला. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त मात्र पोहोचला होता, आणि तोही इंग्रजीतून नव्हे तर फारसीतून.

फ्रान्स्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य देकार्तचा प्रतिस्पर्धी गासांदी याचा शिष्य होता. तो १६५८ च्या सुमारास सुरतेला उतरला. मोगल गादीसाठी चाललेल्या युद्धात पराभूत होऊन पळणाऱ्या दारा शुकोहची, म्हणजे शाहजहानच्या थोरल्या मुलाची, आणि बर्निएची वाटेत गाठ पडली, आणि काही दिवस त्याने दाराच्या गोटात वैद्यकी केली. दाराचा शेवट झाल्यावर तो दिल्लीत दानिशमंद खान या विद्याव्यासंगी उमरावाच्या पदरी राहिला. पुढे बर्निएनेच लिहून ठेवले आहे की, खानाला हार्वे आणि पेके यांचे शरीरशास्त्रातील नवे शोध समजावून सांगणे, तसेच गासांदी आणि देकार्त यांचे तत्त्वज्ञान त्याच्यासाठी फारसीत उतरवणे, हेच पाच-सहा वर्षे त्याचे मुख्य काम होते. देकार्त १६५० मध्ये वारला. म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर पंधरा-सोळा वर्षांच्या आत दिल्लीतल्या एका हवेलीत त्याच्यावर फारसीत चर्चा चालू होती. ती भाषांतरे आज उपलब्ध नाहीत.

आता या हवेलीत तिसरा माणूस कोण होता ते पाहा. बर्निए म्हणतो की, खानाने हिंदुस्थानातील एका अत्यंत नामांकित पंडिताला आपल्याकडे ठेवले होते आणि तो पंडित पूर्वी दाराच्या पदरी होता. नाव तो देत नाही. अनेक अभ्यासकांच्या मते हे कवींद्राचार्य सरस्वती होत. कवींद्राचार्य मूळचे गोदावरीकाठचे, म्हणजे आपल्याच मुलखातले. संन्यास घेऊन ते काशीत स्थायिक झाले. काशी आणि प्रयाग येथील यात्रेकरूंवरचा कर त्यांनी शाहजहानकडून माफ करवून घेतला, आणि त्याबद्दल पंडितांनी त्यांच्या गौरवपर काव्यांचा ‘कवींद्रचंद्रोदय’ नावाचा संग्रह सिद्ध केला. त्यांचा ग्रंथसंग्रह इतका मोठा होता की त्याची यादी हाच आज अभ्यासाचा विषय झाला आहे. हे मत ग्राह्य धरले, तर एक फ्रेंच वैद्य, एक मोगल उमराव आणि एक दक्षिणी संन्यासी अशा तिघांची ही बैठक ठरते.

बैठक नेहमीच गोडीगुलाबीची नसे. रक्ताभिसरण दाखवण्यासाठी बर्निएने जिवंत बकरे चिरले की हिंदू मंडळी घाबरून पळ काढीत, अशी त्याची तक्रार आहे. हार्वे आणि देकार्त यांचा कंटाळा आला की खान पंडिताकडे वळे; पंडित मग आपल्या पद्धतीने विवेचन करी, आणि ते जराही न हसता, पूर्ण गांभीर्याने करी, याचा बर्निएला फार वैताग येई. पंडिताला बर्निएचा किती वैताग येत होता, हे लिहून ठेवणारे कोणी नव्हते. एकाच बाजूची रोजनिशी हाती असली म्हणजे दुसरी बाजू मूर्ख वाटू लागते, हे वाचकाने असे ग्रंथ वाचताना सतत ध्यानात ठेवले पाहिजे.

उलट दिशेचा प्रवास अधिक लांबचा ठरला. दाराने काशीच्या पंडितांच्या साह्याने सुमारे पन्नास उपनिषदांचे फारसी भाषांतर १६५७ मध्ये पूर्ण केले आणि त्याला ‘सिर्र-ए-अकबर’, म्हणजे ‘महान रहस्य’, असे नाव दिले. दोनच वर्षांनी त्याचे शिर उडवले गेले, ग्रंथ मात्र राहिला. अँकेतील द्युपेराँ या फ्रेंच विद्वानाने त्याचे लॅटिन भाषांतर १८०१-०२ मध्ये प्रसिद्ध केले, आणि तेच वाचून जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअर उपनिषदांचा भक्त झाला. देकार्तला दिल्लीत यायला दीड तपही लागले नाही. उपनिषदांना युरोपात जायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. यामागे विचारांची योग्यता नव्हती. एका बाजूला पगार देणारा खान जिवंत होता, आणि दुसऱ्या बाजूला भाषांतर करवून घेणारा राजपुत्र मारला गेला होता, एवढाच फरक मला दिसतो.

जाता जाता एक योगायोग : देकार्त स्टॉकहोममध्ये वारला तो १६५० च्या फेब्रुवारीत, आणि शके १५७१ ची फाल्गुन वद्य द्वितीया, म्हणजे रूढ मतानुसार तुकाराम बीज, आली ती १६५० च्या मार्चमध्ये. पहिल्या उत्तरातील इशारा येथेही लागू आहे.

प्रश्न : रेम्ब्रांटने भारतीय चित्रांच्या नकला केल्या होत्या, हे खरे की देशाभिमानातून उठलेली वावडी? (चित्रकलेचे शिक्षक, काटोल)

उत्तर : खरे आहे. १६५६ ते १६६१ च्या दरम्यान रेम्ब्रांट या डच चित्रकाराने मोगल लघुचित्रांवरून काढलेली वीसेक रेखाटने आज निरनिराळ्या संग्रहालयांत आहेत. त्यांत शाहजहान आहे, जहांगीर आहे, झाडाखाली बसलेले चार वृद्ध आहेत. ही चित्रे डच कंपनीच्या जहाजांतून ॲमस्टरडॅमला आली असावीत, आणि ज्यावर त्याने नकला केल्या तो कागदही बहुधा त्याच व्यापारातून आलेला जपानी कागद होता. १६५६ मध्ये त्याचे दिवाळे निघाले, तेव्हा केलेल्या मालमत्तेच्या यादीत लघुचित्रांची एक वही नोंदलेली आहे. ती मोगल चित्रांचीच असावी असा तर्क केला जातो. नक्कल हा शब्द येथे थोडा अपुरा पडतो. मोगल चित्रकाराची रेषा बारीक, बांधीव आणि सोन्याने मढवलेली; रेम्ब्रांटने तोच शाहजहान घेतला, पण त्याच्या अंगरख्याखाली देहाचे वजन आणि कापडाखाली सावली आली. आपण शिक्षक आहात; दोन्ही चित्रे शेजारी ठेवून मुलांना दाखवा, मी सांगेन त्यापेक्षा त्यांना अधिक दिसेल.

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती. जहांगीराच्या दरबारातील बिचित्र या चित्रकाराच्या एका प्रसिद्ध चित्रात बादशहा वाळूच्या घड्याळावर बसून एका सूफी शेखाला ग्रंथ देत आहे, आणि खाली ओळीने तुर्की सुलतान, इंग्लंडचा राजा पहिला जेम्स आणि सर्वांत शेवटी स्वतः चित्रकार उभे आहेत. इंग्लंडच्या राजाला मोगल दरबारात कितवे आसन होते, हे यावरून कळते.

मन्सूर या चित्रकाराचाही उल्लेख केला पाहिजे. जहांगीराने त्याला ‘नादिर-उल-अस्र’, म्हणजे ‘युगातला अद्वितीय’, असा किताब दिला होता. सेंट पीटर्सबर्गच्या एका संग्रहात त्याचे म्हणून मानले जाणारे डोडो पक्ष्याचे चित्र आहे. मॉरिशसचा हा न उडणारा पक्षी त्याच शतकात नामशेष झाला, आणि जिवंत पक्षी पाहून काढलेल्या मोजक्या रंगीत चित्रांत हे चित्र धरले जाते. डोडो भारतात कसा आला? दुष्काळाच्या उत्तरात ज्याचा उल्लेख आला तोच पीटर मंडी लिहितो की, सुरतेत आपण दोन डोडो पाहिले. ज्या बंदरातून त्याने उपाशी माणसांच्या वाटेवर प्रवास सुरू केला, त्याच बंदरात मॉरिशसहून आणलेले पक्षी पाळलेले होते.

प्रश्न : आपल्या टिपणात एकाही स्त्रीचे नाव नव्हते, चांदबिबीचा उल्लेख सोडला तर. आणि तोही चुकीचा असल्याचे वाटते. (एक वाचक, धंतोली)

उत्तर : दोन्ही आक्षेप मान्य. चांदबिबी १६०० मध्ये मारली गेली. शतकाची गणना १६०१ पासून १७०० पर्यंत होते, म्हणून ती सोळाव्या शतकातली. चूक माझी आहे.

वगळलेल्यांत पहिले नाव संत बहिणाबाईंचे घ्यायला हवे होते. (येथे खानदेशच्या बहिणाबाई चौधरी अभिप्रेत नाहीत, हा गोंधळ परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतही आढळतो.) वेरूळजवळच्या देवगावला १६२८ मध्ये जन्मलेल्या या ब्राह्मण स्त्रीने तुकोबांना, म्हणजे एका कुणबी वाण्याला, गुरू केले, नवऱ्याने त्यावरून छळले, तरी तिने गुरू सोडला नाही आणि संसारही सोडला नाही. स्वतःच्या आयुष्याची हकीकत तिने अभंगांतून सांगितली, आणि ब्राह्मण कोणाला म्हणावे या प्रश्नाचा ऊहापोह करणारी ‘वज्रसूची’ मराठीत आणली. तिचे निधन १७०० मधले, त्यामुळे शतकाच्या चौकटीत ती थोडक्यात बसते. नूरजहानच्या नावाची नाणी, जहानआराने आखलेला दिल्लीचा चांदणी चौक आणि देकार्तला थंडीत पहाटे पाच वाजता शिकवायला बोलावणारी स्वीडनची राणी क्रिस्टिना यांच्याविषयी पुढे कधीतरी.

प्रश्न : या साऱ्या काळात आपले नागपूर काय करत होते? (अनेक वाचक)

उत्तर : नागपूर शहर म्हणून अस्तित्वात नव्हते. हा मुलूख देवगडच्या गोंड राजांचा होता. त्यांच्यातला बख्त बुलंद शाह हा औरंगजेबाच्या दरबारी गेला, इस्लाम स्वीकारून त्याने १६८६ च्या सुमारास गादी मिळवली, आणि ‘बख्त बुलंद’, म्हणजे ‘थोर नशिबाचा’, हे नावही त्याला बादशहाकडूनच मिळाले. बादशहा मराठ्यांशी लढण्यात गुंतल्यावर मात्र त्याने मोगली मुलखावर हात टाकायला सुरुवात केली. तेव्हा चिडलेल्या औरंगजेबाने त्याला यापुढे ‘निगून बख्त’, म्हणजे ‘फुटक्या नशिबाचा’, म्हणावे असा हुकूम काढल्याचे सांगतात. दिल्लीसारखी शहरे पाहून आलेल्या या राजाने ‘राजापूर बारसा’ या बारा पाड्यांना रस्त्यांनी जोडून नागपूर वसवले, ते १७०२ मध्ये. म्हणजे आपले शहर सतराव्या शतकाला दोन वर्षांनी चुकले, आणि त्याची पुढची हकीकत या सदराच्या अठराव्या शतकावरील अंकात येईल.